साठीनंतरची उमेदवारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला पत्र पाठवून, "आपण निवृत्त शिक्षक आहात, तेव्हा शिक्षणाचे महत्त्व या विषयावर चार शब्द सांगावेत," अशी आज्ञा केली होती. या विषयावर मी नोकरीत असताना इतक्या वेळा बोललो आहे की आता मलाच त्याचा कंटाळा आला आहे. म्हणून चिटणीसांची क्षमा मागून मी विषय बदलतो. साठी उलटल्यावर मी एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली, तिची हकीकत सांगावयाची आहे. उमेदवारी म्हणजे निवडणुकीची नव्हे; आपल्या वाडवडिलांच्या तोंडी हा शब्द ज्या अर्थाने असे, त्या अर्थाची. कारागीर म्हणजे माझे थोरले बंधू आणि काम म्हणजे एका चामडी म्यानाला घरच्या घरी रंग देऊन ते पुरे करणे.

आमचे घर सातारा जिल्ह्यातील, कृष्णाकाठच्या एका खेड्यातील. वडील चपला, नाडे, मोटेच्या वाद्या, आसूड असे काम करीत. आम्ही दोघे भाऊ. दादा मजहून सहा वर्षांनी वडील. चौथी झाल्यावर त्याला वडिलांनी ओट्यावर बसविले, कारण दोघांना शाळेत ठेवण्याची ऐपत नव्हती. मी शिकलो, १९७४ साली जुन्या अकरावीची, म्हणजे मॅट्रिकची, परीक्षा उतरलो, पुढे शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि १९७७ पासून २०१५ पर्यंत शाळामास्तरकी केली. माझ्या फीचे पैसे दादाच्या आरीतून आले, हे मी अनेक सत्कारसमारंभांत गहिवरून सांगितले आहे. जे सांगितले नाही ते आज सांगतो. या सबंध काळात मी त्याच्या ओट्यावर सलग अर्धा दिवससुद्धा कधी बसलो नाही. सहावीत असताना वर्गातील एका मुलाने माझ्या दप्तराला चामड्याचा वास येतो म्हणून नाक धरले होते. त्या दिवसापासून मी वडिलांना हात लावू लागणे सोडले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी माझे दप्तर निराळ्या खुंटीला टांगावयास सुरुवात केली, इतकेच.

आता म्यानाकडे वळतो. आमचा भाचा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि तालुक्याच्या गावी एका सराफी पेढीवर रखवालदार आहे. त्याच्यापाशी परवान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. ते कमरेच्या पट्ट्याला अडकविण्यासाठी जे म्यान लागते त्यास इंग्रजीत होल्स्टर म्हणतात. त्याचे बाजारातले म्यान वर्षाच्या आत उसवले. त्याने थोरल्या मामांना नवे शिवण्यास सांगितले आणि रंग काळाच पाहिजे अशी अट घातली. दादाने म्हशीचे हिरड्याबाभळीत कमावलेले जाड चामडे आणले, कापले, ओले करून लाकडी ठोकळ्यावर बसविले, मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाक्यांनी शिवले आणि सावलीत वाळत ठेवले. ठोकळा रिव्हॉल्व्हरच्या मापाचा त्याने स्वतः तासला होता. प्रत्यक्ष हत्यार त्याने ओट्यावर ठेवू दिले नाही. इतके झाले आणि २०२३ सालच्या दिवाळीनंतर त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, उजवा हात गेला.

जानेवारीत भाचा भेटीस आला, तेव्हा ते म्यान फळीवर तसेच होते, भाकरीच्या रंगाचे, कोरे. तो म्हणाला, "असू द्या मामा, मी असंच वापरीन." दादा भिंतीकडे तोंड करून निजला होता. तसाच म्हणाला, "माझ्या हातचं अर्धं काम बाहेर जायचं न्हाई." आणि मग थोड्या वेळाने, "मास्तरला सांगा. त्यो मोकळाच हाय."

दादा मला लहानपणापासून मास्तर म्हणतो. मी मास्तर होण्याच्या आधीपासून.

मला वाटले, रंग देणे ते काय! शाळेत मुलांकडून चित्रे रंगवून घेतली, भिंती रंगविल्या. मी कोल्हापुरास जाऊन चामड्याच्या सामानाच्या दुकानातून स्पिरिटमध्ये कालविलेल्या काळ्या रंगाची बाटली आणली आणि दादाच्या टोपलीतील एका तुकड्यावर कापसाच्या बोळ्याने भरपूर फासली. तुकडा तत्काळ काळा झाला. मला धन्यता वाटली. दादाने तो डाव्या हातात घेतला आणि वहिनीने नुकत्याच धुतलेल्या माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर घासला. बाहीवर काळा पट्टा उमटला. त्या पट्ट्यासकट तो सदरा अजून माझ्यापाशी आहे.

यात रंगाचा दोष थोडा आणि माझा पुष्कळ होता. स्पिरिटचा रंग पातळ करून, एक हात वाळल्यावर दुसरा, असे तीनचार हात द्यावयाचे असतात. गोल गोल फिरवून द्यावयाचे असतात, म्हणजे पट्टे राहत नाहीत. आणि शेवटी कोरड्या फडक्याने इतके पुसावयाचे की फडक्याला रंग लागेनासा व्हावा. मी एकाच वेळी दाट थर दिला. जेवढा चामड्यात मुरला तेवढा मुरला, उरलेला भुकटी होऊन वर बसला. भाच्याच्या गणवेशाचा सदरा फिकट निळा आहे. म्यान दिवसभर कमरेला घासणार. दादा म्हणाला, "बाटली ठिव बाजूला. बा कसा काळा करायचा, आठवतंय का?"

मला आठवत नव्हते. ओट्याच्या कोपऱ्यात एक मडके असे आणि त्याला घाण वास येई, एवढेच आठवत होते.

ते मडके म्हणजेच काळा रंग. भगिनींना यातील मर्म लगेच उमजेल. लोखंडी विळीवर कच्चे केळे किंवा आवळा चिरला की पाते आणि बोटे काळी पडतात. हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल, आवळा यांत एक तुरट द्रव्य असते, त्यास शास्त्रात टॅनिन म्हणतात. कातडे कुजू न देता त्याचे चामडे करते ते हेच द्रव्य. आणि लोखंडाचा क्षार त्याला भेटला की दोहोंचा मिळून निळसर काळा रंग होतो. जुन्या काळची लिहिण्याची शाई हिरडा आणि हिराकस यांची करीत, तीही याच नियमाने. म्हणजे ज्या द्रव्याने मी मुलांकडून सुंदर अक्षर काढविण्याची शेखी मिरवीत असे त्या शाईचे आणि वडिलांच्या मडक्याचे नाते सख्ख्या भावंडांचे होते. अडतीस वर्षांत हे माझ्या ध्यानी आले नाही.

मडक्याची कृती अशी. गंजलेले खिळे, घोड्याच्या नालाचे तुकडे, जे जुने लोखंड मिळेल ते मडक्यात टाकावे, त्यावर गुळाचे पाणी ओतावे आणि वर फडके बांधावे. झाकण घट्ट लावू नये. मी लावले, आणि चौथ्या दिवशी ते आतल्या वायूने उडून वहिनीच्या पापडांवर पडले. गूळ आंबून त्याची आंबट होते, ती आंबट लोखंडाला खाते, आणि दोनतीन आठवड्यांत पाणी तयार होते. ज्यांना वास सोसत नाही त्यांनी गुळाच्या ऐवजी शिरका घ्यावा.

ते तीन आठवडे दादाने मला फुकट घालवू दिले नाहीत. रोज सकाळी तुकडे रंगविण्याचा सराव. एके दिवशी मी पहिल्या चारसहा दिवसांतले थोडे तयार झालेले पाणी एका मऊ तुकड्याला लावले. तो काळा होईना. मळकट करडा होऊन बसला. मी पाण्याला दोष दिला. दादा हसला. झटक्यानंतर प्रथमच हसला. "त्ये क्रोमचं हाय. त्याच्यात हिरडा कुठला?" क्रोमच्या क्षाराने चामडे कमावण्याची रीत परदेशातली, अमेरिकेत १८८४ साली शुल्ट्झ नावाच्या गृहस्थाने तिचे पेटंट घेतले आणि १८९३ साली डेनिस याने ती सुटसुटीत केली. महिन्यांचे काम तीत दिवसांत होते, म्हणून आज बहुतेक बूट, पिशव्या त्याच चामड्याच्या. त्याची कडा कापून पाहिली तर आत निळसर करडी दिसते. हिरड्याच्या चामड्याची तपकिरी. क्रोमचे चामडे मऊ, म्हणून म्यानाला कामाचे नाही. ओले करून ठोकळ्यावर बसविले तरी घडी धरीत नाही. हे सर्व दादाला कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होते. सन आणि नावे तेवढी माझी.

सन आणि नावे सांगण्याची खोड जात नाही, म्हणून त्या दिवसांत मी दादाला एक गोष्ट सांगितली. सैन्यातले अधिकारी छातीवरून तिरका जाणारा जो चामडी पट्टा घालतात, त्यास सॅम ब्राउन पट्टा म्हणतात. हा ब्राउन हिंदुस्थानातील इंग्रजी फौजेत अधिकारी होता. १८५८ साली एका चकमकीत त्याचा डावा हात तुटला. एका हाताने तलवारीचे म्यान सावरून तलवार उपसता येईना, म्हणून त्याने कंबरपट्टा आणि खांद्यावरचा पट्टा अशी योजना केली, त्याच पट्ट्याला पिस्तुलाचे म्यानही अडकविले, आणि पुढे ती जगभरच्या फौजांनी उचलली. एका हाताच्या माणसाने एवढे केले, असे सांगून मला दादाला धीर द्यावयाचा होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शिवला कुणी?"

मजपाशी उत्तर नव्हते. ते कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात नाही.

फेब्रुवारीत मडके तयार झाले. म्यान हाती घेण्यापूर्वी दादाने ते खिडकीपाशी नेऊन नीट पाहावयास सांगितले. दोन ठिकाणी बारीक काळे ठिपके होते. शिवताना ओल्या चामड्याला लोखंडी आरीचा गंज लागला होता. अंगठ्याएवढ्या जागेवर सरसाचा डाग होता. ठिपक्यांवर लिंबाची फोड चोळली आणि ते डोळ्यांदेखत गेले. काळ्याच रंगाखाली जाणारे ठिपके काढावयाचे कशाला, असे मी विचारले. दादा म्हणाला, "सवय." सरसाचा डाग मी पुसला, खरवडला, स्पिरिटने घासला; थोडा राहिलाच. सरस जेथे मुरला तेथे रंग शिरत नाही.

मग हिरड्याचा काढा कोमट करून तो म्यानाला आतबाहेर लावला, म्हणजे तुरटपणा सर्वत्र सारखा व्हावा. अर्ध्या तासाने मडक्यातले पाणी गाळून, लोकरीच्या बोळ्याने लावू लागलो. बंधूंनो, तो क्षण मी विसरणार नाही. पाणी दिसावयास चहासारखे. पण बोळा पुढे सरकला की मागे चामडे आधी करडे, मग जांभळट, मग काळे होत जाई, जणू आतूनच काळोख वर येत होता. बाटलीतल्या रंगाने चामडे रंगविले होते, येथे चामड्याने स्वतःच रंग धरला. वाळल्यावर दादाने पुन्हा माझ्या बाहीवर घासून पाहिले. बाही पांढरीच राहिली.

येथेच काम संपले असे मानणे ही नवशिक्याची मोठी चूक. त्या पाण्यात आंबट उरते. ती तशीच राहिली तर चामडे काही वर्षांत ठिसूळ होते आणि आत ठेवलेल्या पोलादालाही बाधते. म्हणून शेरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याचा हात द्यावयाचा, नंतर स्वच्छ पाण्याने पुसावयाचे आणि सावलीत वाळवावयाचे. सावलीत, हे दादाने तीनदा सांगितले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा येणार होता. मला त्याला पुरे झालेले काम दाखवावयाचे होते. मी म्यान ठोकळ्यावरून काढले आणि तासभर, केवळ तासभर, गच्चीवर उन्हात ठेवले.

खाली आणले तेव्हा त्याचे तोंड आवळून वाकडे झाले होते. ठोकळा आत जाईना. कडा हाताला पत्र्यासारखी लागत होती.

मी ते दादाच्या खाटेवर ठेवले. तो काही बोलला नाही. संध्याकाळपर्यंत बोलला नाही. वर्गात मुलाने पाटी फोडली तर मी काय काय बोलत असे, ते मला त्या दुपारी एकामागून एक आठवत गेले. भाचा आला, चहा घेऊन गेला. म्यान त्याला दाखविले नाही. रात्री जेवणे झाल्यावर दादा म्हणाला, "कठवतीत पानी घे." लाकडी कठवत वडिलांची, संत रोहिदासांच्या कथेमुळे तिला आपण हात जोडतो, पण तिचे नित्याचे काम चामडे भिजविणे हेच. त्याने म्यान पाण्यात बुडवू दिले नाही. फडके भिजवून, पिळून, तोंडाभोवती गुंडाळून ठेवावयास सांगितले. रात्री दोनदा उठून मी फडके बदलले. पहाटे चामडे नरम आले. ठोकळ्याला प्लास्टिकचा कागद गुंडाळून तो हळूहळू आत सरकविला आणि या वेळी तीन दिवस माडीवर, वाऱ्याला, सावलीत ठेवले. तोंड बहुतेक पूर्ववत झाले. उजव्या अंगाला किंचित बाक राहिला तो राहिला.

बाकीचे थोडक्यात सांगतो. चामडे पुरते वाळल्यावर कोरडे आणि निस्तेज दिसते. त्यास एरंडेलाचे चारसहा थेंब फडक्यावर घेऊन द्यावयाचे आणि रात्रभर मुरू द्यावयाचे. तेल जास्त झाले तर चामडे सैल पडते, आणि सैल म्यानात हत्यार खुळखुळते. कडा काचकागदाने साफ करून, चिंचोक्याची पातळ खळ लावून, लाकडी दांड्याने घासावयाच्या. हे काम कंटाळवाणे खरे, पण मला सर्वांत आवडले. घासता घासता कडेचे पिंजलेले धागे बसत जातात आणि ती शिंगासारखी गुळगुळीत होते. मधमाशीचे मेण एरंडेलात वितळवून त्याचा अगदी पातळ हात वरून द्यावयाचा आणि सुती फडक्याने चमक येईतो पुसत राहावयाचे. बाजारात चकचकीत रोगण मिळते. त्याचा जाड थर दुमडीवर तडकतो. ज्यांच्या घरी असे हत्यार असेल त्यांना एक सूचना. म्यान कमरेला बाळगण्यासाठी आहे, हत्यार साठविण्यासाठी नाही. चामड्यातील तुरटपणा आणि दमटपणा यांनी पोलाद गंजते. घरी आल्यावर ते बाहेर काढून, कोरडे पुसून, रिकामे करून कुलुपात ठेवावे.

मार्चच्या पहिल्या रविवारी भाचा आला. दादाने म्यान त्याच्या हाती देण्यापूर्वी आपल्या मांडीवर घेतले, डाव्या हाताची बोटे टाक्यांवरून, मग कडेवरून फिरविली, तोंडाच्या बाकापाशी थांबला आणि पुढे सरकला. सरसाचा डाग होता तेथे पिकल्या जांभळाएवढा फिका ठिपका राहिला होता. भाचा म्हणाला, "राहू द्या, हा थोरल्या मामांचा." त्याने रिकामे रिव्हॉल्व्हर आत घातले. बरोबर बसले. उलटे धरून हलविले तरी पडले नाही.

मग त्याने पंधराशे रुपये काढून खाटेवर ठेवले. मी म्हणालो, "अरे, मामांना कसले पैसे!" दादा माझ्यावर रागावला. कामाचे पैसे घ्यायचे असतात, असे तो म्हणाला; फुकट काम करणाऱ्याला कोणी कारागीर म्हणत नाही. त्याने वहिनीकडून चष्मा मागविला आणि हिशेब केला. चामड्याचे चारशे. कापणीशिवणीचे सहाशे. रंगकामाचे पाचशे, त्यातून वाया घालविलेल्या तुकड्यांचे साठ आणि तोंड वाकडे केल्याचे शंभर वजा. तीनशे चाळीस रुपये मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "पापडाचं वहिनीला तू दे."

पापडांचे चाळीस रुपये मी दिले. त्यानंतर पेढीवरच्या दुसऱ्या एका रखवालदाराने तसेच म्यान मागितले आहे. द्राक्षबागेतल्या दोघांनी छाटणीची कात्री कमरेला अडकविण्यासाठी चामडी घर करून मागितले आहे. शिवणार कोण, असे मी दादाला विचारले, तेव्हा त्याने वडिलांची रापी आणि आरी फळीवरून काढावयास सांगितली. माझी पहिली शिवण आठ इंचांची होती आणि तिच्यात सोळा टाके एका बाजूला झुकलेले होते. त्याने सगळी उसवायला लावली. दुसरी परवा पुरी झाली. तिच्यातले नऊ टाके वाकडे आहेत.